एका पंक्तीचे शिक्षण

विद्यालयाचे द्वार सर्वांस उघडणे ही समतेची पहिली पायरी होय; पण आत आलेल्या विद्यार्थ्याच्या ताटाशेजारी कोणाचे ताट मांडले जाते, यात तिची खरी कसोटी आहे.

राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उघडवून निराश्रित विद्यार्थ्यांस आसरा दिला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी त्यापुढे पाऊल टाकले. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापून १९२४ मध्ये त्यांनी साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, स्वयंपाक करीत व एका पंक्तीस जेवत. द्रव्य आटले तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या अन्नासाठी मंगळसूत्रही दिले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहास शाहू महाराजांचे नाव लाभले.

आज महाविद्यालयांत सर्व समाजांची मुले येतात. तथापि एका छताखाली राहणे म्हणजे एकत्र येणे नव्हे. मठात प्रसादाच्या पंक्तीस बसणाऱ्या भक्ताने आपल्या मुलास वसतिगृहातील सोबत्याची जात विचारावयास शिकविले, तर तो प्रसाद मुखात गेला, अंतःकरणात उतरला नाही, असेच म्हणावे लागेल. सर्वांभूती ईश्वर पाहण्याचा अभ्यास त्या खोलीपासूनच आरंभावा.