बाळ अजून चालत कां नाहीं ?

भिवंडींत मागांचा आवाज कानाआड करूं म्हटल्यानें होत नाहीं. कामवारी नदीच्या कांठचें हें गांव हातमागांवर वाढलें आणि यंत्रमागांवर फोफावलें. दिवसपाळी व रात्रपाळी हा भेद येथें मजुरांना आहे, मागांना नाहीं. अशा या गांवांत बाजारपेठेमागील आळींतलें एक घर श्रोत्यांनीं डोळ्यांसमोर आणावें. घर बेताचें, परंतु शिकलेलें. मुलगा पतपेढींत नोकरीस, सून पदवीधर, आजी साठी ओलांडलेली, आणि या सर्वांच्या मध्यें सतरंजीवर बसलेलें दहा महिन्यांचें बाळ. बाळ हंसरें आहे, अंगानें भरलेलें आहे, बसविलें म्हणजे बसतें. पण रांगत नाहीं. शेजारच्या बिऱ्हाडांतील मुलगी आठव्या महिन्यांतच उंबरा ओलांडून जिन्यापाशीं पोंचली होती. त्या दिवसापासून या घराची झोंप उडाली आहे.

आजीचें म्हणणें असें कीं, न रांगतां चाललेलें मूल पायानें कच्चें राहतें. सून रोज रात्रीं पाळण्याशीं बसून महिन्यांचा हिशेब करते. मुलगा म्हणतो, "मीहि उशिरांच चाललों असें तूंच सांगतेस ना, आई ? मग एवढें काय !" आणि यावर कोणालाच पुढें बोलतां येत नाहीं. एका गोष्टीचें मात्र तिघांनाहि सारखेंच कौतुक आहे. बाळ खुळखुळा घेतें तें नेहमीं डाव्या हातानें. आजोबा डावखुरे होते. नातू त्यांच्यावर गेला, असें सांगतांना आजीचा आवाज हळवा होतो.

रांगण्याचा प्रश्न आधीं घेऊं. मुलानें अमुक महिन्यांत अमुक करावें, या विषयीं घरोघरीं जे नियम चालत आले आहेत, त्यांत दोष एवढाच कीं, ते तारखेच्या भाषेंत बोलतात. जागतिक आरोग्य संघटनेनें घाना, भारत, नॉर्वे, ओमान व अमेरिका या पांच देशांतील ८१६ निरोगी बालकांची हालचाल नियमितपणें पाहून नोंदविली आणि निष्कर्ष २००६ सालीं प्रसिद्ध केले. भारतांतील मुलें दिल्लीचीं होतीं. या निष्कर्षांत तारीख नाहीं, अवधि आहे. शंभर मुलें क्रमानें उभीं केलीं, तर पहिलें मूल ज्या वयीं एखादें काम साधतें आणि नव्व्याण्णवावें मूल ज्या वयीं साधतें, त्यांमधला काळ म्हणजे हा अवधि. आधारावांचून बसण्याचा अवधि ३.८ महिन्यांपासून ९.२ महिन्यांपर्यंत निघाला. गुडघ्यांवर व हातांवर रांगण्याचा ५.२ पासून १३.५ पर्यंत, आणि कोणाचें बोट न धरतां चालण्याचा ८.२ पासून १७.६ महिन्यांपर्यंत. शेजारची मुलगी आठव्या महिन्यांत रांगली आणि हें बाळ दहाव्यांत रांगत नाहीं. तरी या मापानें दोघेंहि अवधीच्या आंतच आहेत.

याहूनहि नवल वाटावें अशी गोष्ट पुढें आहे. त्या मुलांपैकीं शंभरांत सुमारें चार मुलें गुडघ्यांवर कधींच रांगलीं नाहींत. कांहीं मुलें बसल्या बसल्या सरकतात, कांहीं पोटावर फरफटतात, कांहीं एके दिवशीं पलंगाची कड धरून उभीं राहतात आणि रांगण्याचा विषयच संपवून टाकतात. रांगणें ही चालण्याच्या शाळेंतील सक्तीची इयत्ता नव्हे. आजीबाईंनीं या बाबतींत निश्चिंत असावें.

हिशेब करणाऱ्या सुनेनें एक वजाबाकी मात्र विसरूं नये. हें बाळ पूर्ण दिवसांचें आहे, म्हणून येथें तिचें कारण नाहीं. परंतु ज्यांच्या घरीं मूल दिवस भरण्यापूर्वीं जन्मलें आहे, त्यांनीं वाढदिवसाचें वय धरूं नये. दोन महिने आधीं जन्मलेलें मूल दहा महिन्यांचें झालें, तर बसण्या-उठण्याच्या मापासाठीं तें आठ महिन्यांचेंच समजावयाचें. सामान्यतः दुसरें वर्ष पुरें होईपर्यंत ही सूट द्यावी लागते. ती न दिल्यानें अनेक माउलींनीं व्यर्थ अश्रु गाळले आहेत.

मुलाला शिकवून लवकर चालतें करतां येतें काय, असेंहि विचारलें जातें. केनियांतील किप्सिगिस लोकांत मुलाला बसावयास व चालावयास मुद्दाम शिकविण्याची चाल आहे. चार्लस सुपर या संशोधकानें १९७६ सालीं दाखविलें कीं, तेथील मुलें बसण्यांत व चालण्यांत अमेरिकन मुलांच्या पुढें होतीं. पण जें कोणी शिकवीत नाहीं, त्या रांगण्यांत पुढें नव्हतीं. तात्पर्य, सरावानें कांहीं आठवड्यांचा फरक पडतो. आणि सराव न मिळाल्यानेंहि पडतो. भिवंडीसारख्या दाटीच्या गांवांत एका खोलींत सहा माणसें, खालीं ओल, बाजूस चूल. तेव्हां मूल दिवसभर कडेवर किंवा झोळींत. त्याला जमीन मिळते कोठें ? निजतांना मूल उताणेंच असावें, हें आतां वैद्यकानें पक्कें ठरविलें आहे. परंतु जागेपणीं, कोणीतरी जवळ बसलेलें असतांना, त्याला सतरंजीवर पालथें टाकून खेळूं द्यावें. मान, पाठ व खांदे यांची तालीम तेथें होते. यासाठीं पैसा लागत नाहीं, चार हात मोकळी जागा लागते. आणि तीच या गांवांत महाग आहे.

जागेची ही उणीव भरून काढण्यासाठीं हल्लीं पुष्कळ घरीं चाकांची खुर्ची आणतात. तिचें नांव घेण्यापूर्वीं तिच्या पूर्वजाकडे पाहावें. काश्यपसंहिता या प्राचीन बालवैद्यकग्रंथाची खंडित पोथी नेपाळांत उपलब्ध झाली व १९३८ सालीं मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यांतून ती छापून निघाली. तींत वर्षाचें होऊनहि पायांनीं न चालणाऱ्या मुलाच्या विकाराला 'फक्क' असें नांव दिलें आहे. ग्रंथकर्ता त्याचे तीन प्रकार सांगतो : आईचें दूध बिघडल्यानें होणारा, आईस पुन्हां दिवस गेल्यामुळें पहिल्या मुलाचें दूध तुटून होणारा, आणि रोगानें होणारा. तिहींपैकीं दोन प्रकारांत मूळ कारण मुलाच्या पोटांत आहे, पायांत नाहीं, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. आणि उपायांत औषधांबरोबर तो एक तीन चाकांचा लहान रथ सुताराकडून करवून घ्यावयास सांगतो, ज्याला धरून मुलानें हळूहळू चालण्याचा अभ्यास करावा. हा तर आपला पांगुळगाडा ! जत्रेंतून लाल-हिरव्या रंगाचा आणलेला, खडखड वाजणारा.

पांगुळगाड्यांत मूल स्वतःच्या पायांवर उभें असतें. गाडा फक्त पुढें आधार देतो, आणि तोल मुलाचाच असतो. नव्या खुर्चींत मूल कापडी झोळींत बसतें व बोटांच्या टोंकांनीं जमीन ढकलतें. त्यांत तोल शिकण्याचें कामच उरत नाहीं. अशा खुर्चीनें मूल लवकर चालत नाहीं, उलट उशीर होण्याचा संभव असतो. शिवाय जिन्यावरून कोसळण्याचें भय वेगळेंच. कॅनडानें २००४ सालीं तिच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्याकडे ती बारशाला आहेर म्हणून येते.

संहितेनें एक वर्षाची मर्यादा घातली, आजचें माप साडेसतरा महिन्यांपर्यंत वाट पाहतें. परंतु उशिराचें कारण पोटांत शोधावें, ही तिची दृष्टि जुनी झालेली नाहीं. मुडदूस या रोगांत हाडें मऊ पडतात, मनगटें जाड दिसतात, पाय धनुष्यासारखे वांकतात व मूल उभें राहण्यास कां-कूं करतें. याचें कारण ड जीवनसत्त्वाचा किंवा चुन्याच्या अंशाचा अभाव. ज्या देशांत ऊन फुकट मिळतें त्या देशांत हा रोग असावा, याचें आश्चर्य वाटतें खरें. पण चाळीच्या तळमजल्यावर, समोर मागाची शेड व वर पत्रा, अशा ठिकाणीं सूर्य येतो कोठून? पहिल्या वर्षांत ड जीवनसत्त्वाचे ४०० एकक रोज थेंबांच्या रूपानें द्यावेत, असें बालवैद्य सांगतात, तें यासाठींच. अंगावरच्या दुधांत तें पुरेसें नसतें. त्यांत आईचा दोष नाहीं. गळग्रंथीचा रस कमी असल्यासहि मूल मंद राहतें; जन्मतांच रक्त तपासून औषध सुरू केल्यास तें नुकसान बव्हंशीं टळतें.

आतां त्या घरांत परत जाऊं. कारण ज्याची काळजी करावयास हवी, तें तेथें कौतुकाच्या पदरांत झांकून राहिलें आहे.

पहिल्या वर्षांत मुलाला उजवा-डावा आवडीचा नसतो. जो हात जवळ, तो पुढें येतो. डावखुरेपणा असला तरी तो इतक्या लवकर ठाम दिसावयाचा नाहीं. दहा महिन्यांचें मूल जर उजवीकडे ठेवलेला खुळखुळाहि अंग वळवून डाव्या हातानें घेत असेल, तर त्याचा अर्थ डावा हात हुशार आहे असा नसून उजवा हात मागें पडला आहे असा असूं शकतो. मेंदूच्या डाव्या भागास जन्मापूर्वीं किंवा जन्मसमयीं इजा पोंचली असल्यास शरीराच्या उजव्या बाजूवर तिचा परिणाम होतो. अशा मुलांतलीं पुष्कळ पुढें चालतातहि. म्हणूनच घरच्यांचें लक्ष पायांकडे लागून राहतें आणि हाताकडे कोणी पाहत नाहीं.

वस्तुतः एका बाईनें तें पाहिलें असतें. बाळाला तेल लावून न्हाऊ घालणारी जी बाई पूर्वीं घरोघरीं येत असे, ती मूल मांडीवर घेतांच सांगत असे कीं, याची एक बाजू ताठ आहे, हें अंग सैल सोडीत नाहीं. शेंकडों बाळांच्या अंगांवरून फिरलेल्या हाताला तें कळतें. या घरीं ती फक्त सव्वा महिना येत होती; नंतर सुनेनें पुस्तकांत पाहून न्हाऊ घातलें. यांत सुनेचें चुकलें असें नाहीं. पण त्या हातांची जागा कोणी घेतली नाहीं, हेंहि खरें.

हाताखेरीज आणखी कांहीं खुणा आहेत, त्यांत थांबावयाचें नसतें. मूल उचलतांच पाय कात्रीसारखे एकमेकांवर येणें; अंग कापडाच्या बाहुलीसारखें लुळें पडणें; दहावा महिना उजाडूनहि आधारावांचून न बसणें; दीड वर्ष होऊनहि न चालणें; आणि या सर्वांत गंभीर म्हणजे येत असलेली गोष्ट विसरणें. काल बसणारें मूल आज बसत नसेल, तर शेजारणीचा सल्ला न घेतां डॉक्टरांचें दार ठोठवावें.

सुशिक्षित घरांची येथें एक वेगळीच अडचण आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्यें पालघर येथें झाला. पालघर तेव्हां ठाणें जिल्ह्यांतच होतें. जन्मजात व्यंग, पोषणाची उणीव, आजार आणि वाढींतील विलंब या चार गोष्टींसाठीं मुलांना तपासावयाचें, त्यासाठीं डॉक्टरांच्या पथकानें वर्षांतून दोनदां अंगणवाडींत जावयाचें आणि संशयित मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावयाचें, अशी ही योजना. मागावर काम करणाऱ्या मजुराचें मूल अंगणवाडींत जातें, म्हणून तें या तपासणींत येतें. पतपेढींतल्या कारकुनाचें जात नाहीं. कारण अंगणवाडी ही आपल्यासाठीं नव्हे, अशी घराची समजूत. याच किनाऱ्यावर बोर्डीस १९४५ सालीं ज्यांनीं बालशिक्षणाचें काम मांडलें आणि शाळाच मुलांच्या अंगणांत नेली, त्या ताराबाई मोडकांनीं अंगण कोणाचें, हें विचारलें नव्हतें. लसीच्या वेळीं मिळणाऱ्या माता व बाल संरक्षण कार्डावर कोणत्या महिन्यांत मुलानें काय करावें, याचीं चित्रें असतात. हें कार्ड सुशिक्षित घरींहि असतें; कपाटांत, दागिन्यांच्या पावत्यांखालीं.

अखेर सुनेनें तें काढलें, आणि एके सकाळीं नवरा-बायको बाळाला घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे गेलीं. डॉक्टरांनीं रांगण्याविषयींची सारी हकीकत ऐकून घेतली व कागदावर त्यांतलें एक अक्षरहि लिहिलें नाहीं. मग त्यांनीं बाळाचा डावा हात हळूच धरून ठेवला आणि उजवीकडे एक लाल चेंडू धरला. बाळानें पाहिलें. उजवी मूठ उघडली नाहीं. अंगठा आंतच मिटलेला राहिला. बाळ रडूं लागलें, तेव्हां त्यांनीं डावा हात सोडून दिला.

त्यानंतर जें बोलणें झालें, तें लांबलें. हें दुखणें समूळ जात नाहीं, हें त्यांनीं लपविलें नाहीं. पण पहिल्या दोन वर्षांत मेंदू नव्या वाटा शोधीत असतो, हेंहि सांगितलें. स्वीडनमध्यें अशा अर्भकांच्या चांगल्या हातावर रोज थोडा वेळ मऊ मोजा चढवून, खेळ म्हणून, दुबळ्या हाताला काम देण्याचे प्रयोग झाले आहेत व त्यांचा उपयोग दिसला आहे. तो खेळ घरींच, आईनें, शिकून घेऊन करावयाचा. आधीं मेंदूची तपासणी, मग व्यायाम शिकविणाऱ्यांची भेट, असा क्रम ठरला, चिठ्ठी मिळाली. "चार महिन्यांपूर्वीं आलों असतों तर ?" असें नवऱ्यानें विचारलें. डॉक्टर म्हणाले, "आज आलांत. पुष्कळ लोक शाळेच्या पाटीवर अक्षर काढण्याच्या वेळीं येतात."

दोघें घरीं परतलीं तों दुपार झाली होती; समोरच्या शेडमधील माग चालूच होते. सुनेनें सतरंजी अंथरली, बाळाला बसविलें, खुळखुळा उजव्या बाजूस ठेवला आणि आपल्या जुन्या मोज्याचा तुकडा कातरूं लागली. आजी पोळ्या टाकून स्वयंपाकघरांतून बाहेर आल्या, पदरानें हात पुसले, आणि म्हणाल्या, "तें सगळें राहूं दे. रांगेल केव्हां म्हणाले ?"