आजार उलटणार हे रक्तात आधी दिसेल का?

नेफ्रोटिक सिंड्रोम असलेल्या मुलांचे आईवडील मला हमखास एक प्रश्न विचारतात: "डॉक्टर, पुन्हा उलटणार का, हे आधी कळत नाही का हो?" आज त्यावरच बोलूया.

मूल सकाळी उठतं ते डोळे सुजवूनच. घरच्यांना वाटतं अ‍ॅलर्जी. लघवी तपासली की प्रथिनं भरमसाट. स्टिरॉइडने बहुतेकांची सूज उतरते, पण पुष्कळांचा आजार उलटतो. मग परत स्टिरॉइड. गाल फुगतात, चिडचिड होते, वारंवार दिलं तर उंचीही खुंटते. म्हणून हा प्रश्न.

आता किडनीची गाळणी. तिथल्या पोडोसाइट पेशींची बोटं एकमेकांत अडकवलेली असतात आणि मधल्या फटीत नेफ्रिन नावाच्या प्रथिनाची जाळी असते. फिनलंडमधल्या बाळांच्या जन्मजात आजाराचा जनुक शोधताना १९९८ मध्ये हे नेफ्रिन सापडलं. तिथे जनुकच बिघडलेला. पण जनुक चांगला असलेल्या मुलांची जाळी का फाटते?

२०२२ मध्ये बॉस्टनच्या गटाने दाखवलं, की काही रुग्णांच्या रक्तात नेफ्रिनविरुद्धच अँटिबॉडी असतात. म्हणजे शरीर स्वतःच्याच गाळणीवर उठलेलं. २०२४ मध्ये हॅम्बुर्गच्या गटाने १८२ मुलं तपासली, ९४ जणांत त्या मिळाल्या. आजार जोरात आणि औषध सुरू नाही, अशा मुलांत तर ९० टक्के! उंदरांना नेफ्रिन टोचलं तर त्यांनाही हाच आजार झाला. मला हा पुरावा सगळ्यात वजनदार वाटतो, कारण नुसतं "सोबत सापडलं" एवढंच नाही, "यामुळे झालं" असं म्हणता येतं.

गंमत तपासणीची आहे. या अँटिबॉडी इतक्या थोड्या, की साध्या एलायझात निसटतात. म्हणून रक्तातल्या अँटिबॉडी नेफ्रिनमध्ये मिसळायच्या, मग त्या बाहेर ओढायच्या आणि सोबत नेफ्रिन आलं का ते पाहायचं. गळ टाकून मासा लागला का बघतो ना, तसंच. पण हे जिल्ह्याच्या लॅबमध्ये रोज होणारं काम नव्हे. शिवाय सूज नसतानाही, महिन्यामागून महिना रक्त घेत राहिलं तरच अँटिबॉडी आधी वाढते की लघवीत प्रथिनं आधी येतात ते ठरेल. लहान मुलाला उगाच सुई टोचायला कोण आईबाप तयार होतील?

तोवर सकाळच्या पहिल्या लघवीची पट्टी आणि वही सोडू नका. सलग तीन दिवस तीन प्लस आलं, तर सूज दिसायची वाट न बघता फोन करा.