पाळी सुटते केव्हा?



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा ‘संगणकाच्या कंपनीतला तरुण कामगार’ असे आम्ही सांगितले. त्यांनी ‘कामगार’ हा शब्द जरा अडखळतच लिहून घेतला. त्यांचा दोष नाही. आमची तीसएक वर्षे पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत युनियनचे काम करण्यात गेली. कामगार म्हटला की हाताला तेल लागलेला, डबा घेऊन कंपनीच्या बसमधून उतरणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. गळ्यात ओळखपत्राची पट्टी आणि पाठीवर लॅपटॉपची पिशवी असलेल्या पोराला कामगार म्हणायचे, तर त्याच्या आईलाही ते रुचत नाही. ‘माझा मुलगा आयटीत आहे,’ असे ती सांगते. ‘कामाला आहे’ असे ती म्हणत नाही.

पण गेल्या काही वर्षांत ही मुले आमच्या कचेरीची पायरी चढू लागली आहेत. येतात ती बिचकत, बहुधा रविवारी. त्यांच्याशी बोलताना आम्हांला जे दिसले ते आपल्यापुढे ठेवावे, एवढाच आजचा हेतू.

आपले व्याख्यान साडेसहाला सुरू झाले. या मंडपात पंचविशीतली माणसे किती आहेत, हे प्रत्येकाने मान वळवून पाहावे. तरुणांना व्याख्यानाची गोडी उरली नाही, असा निकाल आपण लगेच देऊन टाकतो. निकालाआधी घड्याळ पाहिलेले बरे. उन्हाळ्यात आपले घड्याळ न्यूयॉर्कच्या साडेनऊ तास पुढे असते. इथे संध्याकाळचे साडेसहा म्हणजे तिथे सकाळचे नऊ. तिथले गिऱ्हाईक नुकतेच खुर्चीवर येऊन बसले आहे, आणि आपला मुलगा वाकडच्या भाड्याच्या खोलीतून त्याला दिवसभराच्या कामाचा हिशेब देतो आहे. नोव्हेंबरात तिकडची घड्याळे तासाने मागे घेतात. मग हीच बैठक इथल्या साडेसातला भरते. गिऱ्हाईक सॅन फ्रान्सिस्कोचे असेल तर तिथले नऊ म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ, आणि थंडीत साडेदहा. या धंद्यात हा वेळेचा फरक भांडवलाइतकाच उपयोगी पडला. त्यांनी रात्री झोपावे, आपण काम करावे, सकाळी त्यांना माल तयार मिळावा, अशी ही व्यवस्था. व्यवस्था हुशारीची आहे. प्रश्न इतकाच, की मुलाचा दिवस सुरू झाला तो सकाळी दहाच्या इथल्या बैठकीपासून. तो संपला केव्हा?

कारखान्यात या प्रश्नाचे उत्तर भोंगा देत असे. भोंग्याला आम्ही पुष्कळ शिव्या दिल्या, पण त्याचा एक गुण आम्हांला फार उशिरा कळला. तो जसा कामाला बोलावी तसा सोडीही. पाळी सुटली की यंत्र फाटकाच्या आत राही आणि माणूस बाहेर पडे. लेथ काही कोणी घरी नेत नाही. या मुलांचे यंत्र मात्र त्यांच्या पिशवीत आणि त्याचे दुसरे टोक खिशातल्या फोनमध्ये. जेवताना फोन थरथरतो, की कोठल्या तरी बँकेचे काम अडले आहे, तेवढे पाहा. ‘तेवढे’ पाहायला कधी दहा मिनिटे लागतात, कधी पहाटेचे तीन वाजतात. याला ती मुले ‘ऑन-कॉल’ म्हणतात. महिन्यातला एक आठवडा ज्याच्या त्याच्या वाट्याला येतो. त्या आठवड्यात सिनेमाला जायचे तरी लॅपटॉप बरोबर, आणि बहिणीच्या साखरपुड्यातही मुलगा कोपऱ्यातल्या खुर्चीवर मांडीवर यंत्र घेऊन बसलेला.

हे नवे आहे असे कोणी समजू नये. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले. त्यापूर्वी काम उजेडाला बांधलेले होते. सूर्य मावळला की मागांनाही थांबावे लागे. दिवे लागले आणि १९०५च्या सुमारास, कापडाला तेजी असताना, गिरण्या चौदा-पंधरा तास चालू लागल्या. दिव्याचा त्यात अपराध नव्हता. काम कोठे थांबावे हे तोवर निसर्ग ठरवीत होता. निसर्गाची मर्यादा गेली आणि माणसाची मर्यादा अजून घातलेली नव्हती. ती घालायला वर्षे लागली. १९११च्या कायद्याने कापडगिरणीतल्या पुरुषांचा दिवस १२ तासांचा केला. १९२२ साली आठवडा ६० तासांचा झाला, १९३४ साली ५४चा आणि १९४८च्या कारखाने कायद्याने ४८चा. त्याही आधी, रविवारच्या सुटीसाठी नारायण मेघाजी लोखंड्यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. ती मिळाली १८९० साली. आपण रविवारी दुपारी झोपतो ती झोप अशी आलेली आहे.

कोणी म्हणेल, या मुलांना पगार केवढा! गिरणीकामगाराशी त्यांची तुलना कशाला? हा आक्षेप खरा आहे आणि आम्ही तो टाळत नाही. या नोकरीने पुष्कळ घरांचे कर्ज फिटले, पत्र्याच्या जागी स्लॅब आली. इथे बोट तुटत नाही, फुप्फुसात कापूस जात नाही. काम नसले की ‘बेंच’वर बसवतात, तेव्हाही काही काळ पगार चालू राहतो, गिरणीच्या फाटकाशी बदली कार्ड घेऊन उभ्या राहणाऱ्याला तो दिवस बुडीत असे. पण पगार हा दिलेल्या तासांचा असतो. न ठरवता गेलेल्या तासांचा तो नसतो, आणि माणसाच्या सबंध आयुष्याचा तर मुळीच नसतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये श्री. नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे सुचवले. त्यांचे कर्तृत्व मोठे आहे; आम्ही फक्त गणित मांडतो. ७० भागिले सहा म्हणजे रोज ११ तास ४० मिनिटे. हिंजवडीला जाण्या-येण्याचे दोन तास धरा, झोपेचे आठ, आंघोळ-जेवणाचे दीड. उरतात पन्नास मिनिटे. त्यांत त्याने लग्न करावे, मूल वाढवावे, आईवडिलांचे पाहावे आणि वर्तमानपत्रही वाचावे!

उरलेल्या वेळात माणूस काय करतो, याला आम्ही करमणूक समजत नाही. आमचे शाळेतले शिक्षण थोडे. जे काही चार शब्द कळतात ते पाळी सुटल्यावर वाचनालयाच्या बाकावर मिळवलेले. हे आमच्या एकट्याचे नाही. ना. म. जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढली आणि कामगारवस्तीत रात्रीच्या शाळा व वाचनालये चालवली. परळचे दामोदर नाट्यगृह त्याच संस्थेचे. गिरणगावची नाटके, भजनी मंडळे, शाहिरांची कलापथके, हे सारे संध्याकाळचे पीक. नारायण सुर्वे यांनी गिरणीत काम केले, शाळेत शिपाई म्हणून नोकरी केली, आणि १९६६ साली ‘माझे विद्यापीठ’ मराठीला दिले. कामाचे तास कमी झाले तेव्हा गिरणीकामगार नुसता विसावला नाही; त्याने महाराष्ट्राला काहीतरी दिले. म्हणून आजच्या तंत्रकामगाराची संध्याकाळ गेली तर तोटा त्याच्या एकट्याचा नाही, आपलाही आहे.

आणि या मुलांजवळ द्यायला पुष्कळ आहे. कोणी शनिवारी पहाटे राजगड चढतो आणि तटाची मोजमापे टिपून आणतो, कोणी तबला शिकू पाहतो. आमच्या ओळखीचा एक मुलगा दुष्काळी तालुक्यातला; वडिलांच्या चार म्हशी. डेअरीवर दुधाचा भाव फॅट आणि एसएनएफवर ठरतो आणि दहा दिवसांनी हाती पडणारी चिठ्ठी वडिलांना उलगडत नाही. मुलाने ठरवले, रोजच्या पावत्यांचे आकडे भरले की येणे किती ते मराठीत बोलून सांगणारा प्रोग्राम आपण फोनवर करून द्यायचा. निम्मा झाला आहे. आठ महिने तो निम्माच आहे. रात्री अकराला यंत्र मिटल्यावर पुन्हा तेच यंत्र उघडायला हात होत नाहीत, असे तो म्हणतो. तो जे काम दिवसभर करतो, तेच काम त्याला स्वतःसाठी करायचे आहे, आणि त्याच्या वडिलांसाठी. आळशी माणसाची ही तक्रार नव्हे. हेलसिंकीच्या एका २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ साली छंद म्हणून लिनक्सचे काम सुरू केले. आज जगातले बहुतेक मोठे संगणक त्यावर चालतात. त्या लिनस टोर्वाल्ड्सला त्या वर्षी मोकळी संध्याकाळ नसती तर?

मग ही मुले ‘नाही’ का म्हणत नाहीत? कारण भीती. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि यंत्रच प्रोग्राम लिहू लागले. आपली जागा राहील का, हा प्रश्न पोटात घेऊन मुलगा बसतो आणि रात्री अकराचा निरोप आल्या मिनिटाला उत्तर देतो. त्याच्या शेजारच्यालाही तीच भीती, म्हणून तो अर्ध्या मिनिटात देतो. असे दोघेही एकमेकांची रात्र खातात आणि हुकूम तर कोणी दिलेलाच नसतो. आमच्या अनुभवात असली चढाओढ एकट्याने कधी थांबलेली नाही. चौघांनी मिळून ठरवली तरच ती थांबते.

दुसरी अडचण नावाची. कोणाच्या पाटीवर ‘लीड’, कोणाच्या ‘कन्सल्टंट’. कायदा आपल्यासाठी नाही, असे ती मुले धरून चालतात. तेव्हा नीट ऐका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेत ‘कामगार’ या शब्दाची व्याख्या आहे आणि तांत्रिक काम करणारा तिच्यात बसतो. १९४७च्या जुन्या कायद्यातही, पुढे झालेल्या दुरुस्तीने, तो बसत होता. मुख्यतः व्यवस्थापनाचे काम करणारा वगळला आहे, आणि देखरेख करणाऱ्यांपैकी महिना १८,००० रुपयांहून अधिक वेतनाचा. तांत्रिक कामाला वेतनाची अशी अट नाही. पाटीवर काय लिहिले आहे याहून दिवसभर प्रत्यक्ष काम कोणते करता, हे न्यायालये पाहत आली आहेत.

उपाय अचाट नाहीत. फ्रान्सने १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्क तोडण्याचा हक्क कायद्यात आणला. ऑस्ट्रेलियाने ऑगस्ट २०२४ मध्ये आणला. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत तसे खासगी विधेयक मांडले. त्याचा कायदा झाला नाही. पण कायद्याची वाट पाहत बसायचे कारण नाही. संध्याकाळची बैठक आठवड्यातून दोनदाच असावी. ज्या दिवशी ती असेल त्या दिवशी काम दुपारी सुरू व्हावे. ऑन-कॉलची रात्र गेली तर दुसरा दिवस सुटीचा मिळावा आणि तासांची नोंद व्हावी. एका खोलीतल्या आठ जणांनी कागदावर सही करून एवढे मागितले तरी पुष्कळ होईल. १८९० सालची रविवारची मागणी याहून फारशी मोठी नव्हती.

आणि या मंडपात बसलेल्या आईवडिलांनाही एक मागणे आहे. ‘आमच्याला मान वर करायला फुरसत नाही हो,’ हे आपण शेजाऱ्यांना अभिमानाने सांगतो. तो अभिमान जरा आवरावा. रात्री मुलाचा किंवा मुलीचा फोन येतो, तेव्हा जेवलास का हे विचारतोच. पगारवाढीचे काय झाले हेही विचारतो. त्यांच्या जोडीला रोज आणखी एक प्रश्न विचारीत जावा: आज किती वाजता सुटलास? पहिले काही दिवस तो हसेल. पुढे कधीतरी घड्याळाकडे पाहील.