गळती दांड्याला, दुखणे दुसरीकडे

(दिंडोरी येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



भावाच्या आणि कर्जाच्या गोष्टी आधीच्या वक्त्यांनी सांगितल्या. मी आज इंजिनातल्या एका बोटाएवढ्या दांड्याविषयी बोलणार आहे. विषय बारीक वाटेल. पण येवला, नांदगाव, मालेगावकडून आलेल्यांपैकी ज्यांच्या घरी टर्बोचा ट्रॅक्टर किंवा पिकअप आहे, त्यांना हा दांडा किती महागात पडतो ते ठाऊक आहे. ‘टर्बो तेल टाकतोय, सील गेलं, नवा बसवा,’ असे मेकॅनिक सांगतो आणि कापसाच्या पट्टीतली मोठी रक्कम तिथेच जाते. दोन महिन्यांनी नवा टर्बोही तेल टाकू लागतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशातली गत.

आधी आपल्या ओळखीच्या ठिकाणापासून सुरुवात करू. पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी निघाली. तेव्हापासून विहिरीच्या काठावरचे डिझेल इंजिन आणि त्याच्या पट्ट्यावर चालणारा पंप हे महाराष्ट्राच्या शेताचे ओळखीचे चित्र झाले. त्या पंपाचा दांडा जिथे बाहेर येतो तिथे ग्लँड असते आणि तिच्यात ग्रेफाइटची दोरी भरलेली असते. नवखा माणूस पाणी ठिबकताना बघतो आणि ग्लँडचे नट आवळत सुटतो. मग काय होते? दोरी जळते, दांड्याला खाचा पडतात, आणि ठिबकत होते तिथे धार लागते. जाणता माणूस थेंब थेंब गळू देतो. तो थेंबच दोरीला थंड ठेवतो. फिरणारा दांडा भिंतीतून बाहेर काढायचा असेल, तर तिथे फट ठेवावीच लागते. फट कशी सांभाळायची, एवढाच प्रश्न असतो.

आता टर्बोकडे येऊ. इंजिनात जाळलेल्या डिझेलच्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश सायलेन्सरमधून वाया जाते. त्या धुराकडून काम करून घ्यावे, या कल्पनेचे पेटंट आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने १९०५ साली घेतले. धुराच्या जोराने एक चाक फिरते. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरे चाक असते, ते हवा दाबून इंजिनात भरते. जास्त हवा, म्हणून जास्त डिझेल नीट जळते आणि तेवढ्याच इंजिनातून जास्त ताकद मिळते. ५० हॉर्सपॉवरच्या वरच्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक नियम लागू झाले. म्हणजे टर्बोशी आपली गाठ आता वाढतच जाणार.

हा दांडा मिनिटाला लाखभर फेरे घेतो. एका टोकाला लाल होईल इतका तापलेला धूर, दुसऱ्या टोकाला हवा, आणि मध्ये इंजिनाच्या तेलावर तरंगणारे बुश. इथे रबराचे सील क्षणात जळेल आणि दोरी कापूर होईल. म्हणून दांड्याच्या खाचेत पिस्टनला असते तशी, पण अंगठीपेक्षा लहान, चिरलेली कडी बसवतात. कडी आपल्या ताणाने बाहेरच्या घराला धरून स्थिर राहते आणि खाचेसकट दांडा तिच्या आत फिरतो. दोघांच्या मध्ये बारीक फट असतेच.

मग तेल बाहेर का येत नाही? कारण दोन्ही चाकांमागचा दाब बुशाच्या घरातल्या दाबापेक्षा जास्त असतो. थोडा धूर, थोडी हवा फटीतून आत शिरते, आणि तेल आतच राहते. शेताच्या बांधाला घूस लागली, तरी पलीकडे पाणी उंच असेल तर अलीकडचे पाणी तिकडे जात नाही, तसेच हे. कडी पहारा करते, पण तेलाला अडवतो तो दाब.

एवढे कळले की निम्मी दुखणी आपोआप उलगडतात. एअर क्लीनर धुळीने बुजला, की हवेच्या चाकापुढे ओढ निर्माण होते आणि तेल फटीतून ओढले जाते. कोरडवाहू भागात उन्हाळी नांगरटीला, ज्वारीच्या मळणीला क्लीनर किती लवकर भरतो ते मी तुम्हाला काय सांगू! इंजिनाचा ब्रीदर तुंबला, तर इंजिनाच्या पोटातला दाब वाढतो आणि टर्बोतले तेल खाली उतरत नाही. तेल परतीचा पाइप दबला, वाकला, तरी तेच. हे तेल नुसत्या उताराने खाली येते, मागून त्याला कोणी ढकलत नाही. काही फिटर त्या पाइपाच्या जोडाला गॅस्केटची पेस्ट चोपडतात. तिचा तुकडा आत सुटला की वाट बंद. ट्रॅक्टर तासन्‌तास नुसता हळू चालत ठेवला, तरी चाकांमागचा दाब कमी पडतो आणि तेल पाझरते. या चारही ठिकाणी कडीचा काही दोष नाही.

आता दुसरा दांडा. काही टर्बोंना जास्तीचा धूर परस्पर सोडणारी झडप असते. बाहेरच्या डबीचा गज तिला एका छोट्या दांड्यातून हलवतो. हा दांडा फिरत नाही, थोडासा वळतो. पण तो थेट धुराच्या भिंतीतून जातो. आठ मिलिमीटर जाडीचे पोलाद सहाशे अंशांनी तापले, तर सुमारे सात शतांश मिलिमीटर फुगते. म्हणजे आपल्या केसाएवढे. बुश घट्ट बसवला तर तापल्यावर दांडा अडकतो आणि झडप जागीच राहते. सैल ठेवला तर धूर निसटतो. म्हणून मोजून फट ठेवतात, आणि काही ठिकाणी तिथेही कडी किंवा चकतीची स्प्रिंग घालतात. बुश झिजला की खडखड आवाज येतो आणि दांड्याभोवती काळी काजळी दिसते. इथे मात्र दुखणे खरोखर दांड्याचेच असते. पत्रा ठोकून किंवा वेल्डिंग मारून ते जात नाही, झडप जाम होते. झिजलेला भागच बदलावा लागतो.

ही काजळी हसण्यावारी नेऊ नका. खळ्यावर ट्रॅक्टर मळणी यंत्राला जोडलेला असतो, भुसा उडून तापलेल्या टर्बोवर बसतो, आणि शेजारी वर्षाच्या कडब्याची गंजी असते. तिथे गरम धुराची फुंकर म्हणजे काडी पेटवून ठेवण्यासारखे आहे. मळणीच्या दिवसांत टर्बोभोवतीचा भुसा रोज, इंजिन थंड असताना झाडा. बंद शेडमध्ये असे इंजिन चालवू नका. तो धूर विषारी असतो.

आणखी एक धोका. गळणारे तेल हवेच्या वाटेने सिलिंडरात गेले, तर इंजिन तेच जाळते आणि डिझेल बंद करूनही थांबत नाही, उलट वेग घेते. अशा वेळी हवेची वाट सपाट फळीने बंद करायची. हात मात्र लावायचा नाही.

तेव्हा नव्या टर्बोचे पैसे मोजण्याआधी मेकॅनिकला चार गोष्टी तुमच्यासमोर करायला सांगा. एक, एअर क्लीनर उघडून दाखव. दोन, ब्रीदर मोकळा आहे का ते बघ. तीन, तेल परतीचा पाइप काढून साफ कर. चार, इंजिन बंद आणि थंड असताना हवेचा पाइप काढून दांडा हलवून दाखव. वर-खाली किंचित हलणे चालते, कारण तो तेलावर तरंगणारा आहे. आत-बाहेर हलत असेल, किंवा चाकाची पाती घासलेली असतील, तर बुश गेले आणि खर्च खरा आहे. नाहीतर खर्च थांबवा.

आणि रोजची सवय दोन मिनिटांची. सुरू केल्यावर लगेच जोर देऊ नका, तेल वर पोचू द्या. जड कामानंतर लगेच बंद करू नका, दोन-तीन मिनिटे हळू चालू द्या, म्हणजे दांड्यावरचे तेल जळून कोळसा होणार नाही. तेल आणि फिल्टर वेळेवर बदला.

आपण पीक पिवळे पडले तर नुसत्या पानावर औषध मारत नाही, मुळाशी पाणी साचले का ते आधी बघतो. यंत्रालाही तोच न्याय लावा. ‘सील गेलं’ असे कोणी म्हणाले, की एकच प्रश्न विचारा: ‘का गेलं?’ त्याचे उत्तर मिळेपर्यंत खिशात हात घालू नका.