गडावरची उत्सर्ग समिती



तुमसर तालुक्यातील अंबागड सन १७०० च्या सुमारास गोंड राजा बख्त बुलंद शहाच्या काळात उभा राहिला. सहलीला जाणारे त्याच्या चढणीवर खर्ऱ्याच्या पन्न्या, पाण्याच्या बाटल्या टाकून येतात. प्लास्टिक पिशव्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. पण गडावर पहारा कोण देणार? उरलेल्या अन्नाची गाठ मारलेली पिशवी गाय तशीच गिळते व ती तिच्या पोटात साठून राहते. टाकाऊ वस्तू जीवजंतुरहित जागा पाहूनच टाकावी, ही उत्सर्ग समिती. नियम मुनींचा खरा. परंतु पाणी गाळून पिणाऱ्या श्रावकाने बाटली झुडपात भिरकवावी, हे कसे शोभेल? शिदोरीसोबत प्रत्येक कुटुंबाने एक रिकामी कापडी थैली न्यावी आणि उतरताना ती भरून आणावी.