उत्तम यंत्र का पडून राहते?



वाणिज्य शाखेच्या वर्गात मागणी आणि किंमत यांचा पाठ चालू असताना एका विद्यार्थ्याने मला मध्येच थांबवले. "सर, माल उत्तम, कंपनी नामांकित, जाहिरात जोरदार. तरीसुद्धा हातात धरून खेळायचे व्हिडिओ गेमचे नवे यंत्र दुकानात पडून राहते, ते का?" मी पुस्तकातले उत्तर दिले: किंमत जास्त असेल. तो हसून म्हणाला, "मग किंमत उतरवल्यावर एक यंत्र उचललं गेलं आणि दुसरं नाही, याचं काय?" त्या तासाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. नंतर विषय धुंडाळला, आणि जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

आपल्यापैकी काहींना वाटेल, पोरांच्या खेळण्याचा एवढा विचार कशाला? पण या खेळण्यात बाजाराचा एक मोठा नियम लपलेला आहे, आणि तो रेडिओच्या श्रोत्यांना चटकन कळण्यासारखा आहे. रेडिओचा संच आपण का घेतो? त्याच्या लाकडाकरिता, काचेकरिता नव्हे. संच घेतला म्हणजे गाणी ऐकू येतील, बातम्या कळतील, या भरवशावर आपण पैसे मोजतो. केंद्रच नसेल तर उत्तमातला उत्तम संच म्हणजे नुसती पेटी! खेळाच्या यंत्राचेही तसेच आहे. फरक इतकाच, की रेडिओचे केंद्र आधीच चालू असते. नव्या यंत्राचे बहुतेक खेळ मात्र अजून तयार व्हायचे असतात. गिऱ्हाईक पैसे आज देते, आणि वस्तू पुढे हप्त्याहप्त्याने मिळणार असते. म्हणजे दुकानात जे विकले जाते ते यंत्र नव्हे, ते आश्वासन असते.

आता उदाहरणे पाहू. १९८९ साली जपानच्या निन्टेंडो कंपनीने 'गेम बॉय' नावाचे यंत्र काढले. त्याच्या पडद्यावर रंग नव्हते. हिरवट पाटीवर काळपट आकृत्या हलत. त्याच वर्षी अटारी कंपनीचे 'लिंक्स' आले आणि १९९० साली सेगा कंपनीचे 'गेम गिअर'. दोन्ही रंगीत, दोन्ही दिसायला झकास. पण त्यांना सहा पेन्सिल सेल लागत आणि ते चार-पाच तासांत संपत. गेम बॉयला चार सेल पुरत आणि ते त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ टिकत. शिवाय अमेरिकेत त्याच्यासोबत 'टेट्रिस' हा खेळ मिळे, जो आजोबांनाही आवडावा आणि नातवालाही. गेम बॉय आणि त्याची पुढची रंगीत आवृत्ती मिळून साडेअकरा कोटींहून अधिक नग खपले. गेम गिअर एक कोटीच्या आसपास थांबले. तेव्हा उत्तम यंत्र म्हणजे उत्तम खप, हे समीकरण पहिल्या फेरीतच चुकले होते.

परंतु माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न २०११ सालाबद्दल होता, आणि ती हकिकत अधिक बोलकी आहे.

२६ फेब्रुवारी २०११ रोजी निन्टेंडोने जपानात 'थ्री-डी-एस' विक्रीस आणले. चष्मा न लावता पडद्यावरचे चित्र खोल दिसावे, ही त्याची करामत. किंमत २५ हजार येन. पुढच्या महिन्यात अमेरिकेत २५० डॉलर. त्याच्या आधीचे 'डी-एस' हे यंत्र पंधरा कोटींहून अधिक घरांत जाण्याइतके लोकप्रिय. मग नव्याला काय कमी? पण झाले भलतेच. एप्रिल ते जून २०११ या तीन महिन्यांत साऱ्या जगात मिळून फक्त ७ लाख १० हजार यंत्रे विकली गेली. जपानात त्या मार्चमध्ये भीषण भूकंप झाला होता हे खरे; पण अमेरिकेत आणि युरोपात तर भूकंप नव्हता. तिथेही खप ढिलाच.

कारणे शोधू गेले तर पुष्कळ सापडतात. नाव जुन्यासारखे, घडण जुन्यासारखी. ज्याच्या घरी डी-एस आहे त्याला वाटे, हे तेच आहे, थोडे सजवलेले. बॅटरी तीन ते पाच तासांत दम टाकी. सहा वर्षांखालील मुलांनी ते खोल चित्र पाहू नये, असे कंपनीनेच सांगितले होते. मग आईबापांनी बिचकू नये तर काय करावे? त्यातच लोकांच्या खिशात स्मार्टफोन आला होता. 'अँग्री बर्ड्स'सारखा खेळ फोनवर एका डॉलरच्या आत मिळे, आणि या यंत्राचा एक खेळ चाळीस डॉलरला!

पण या सगळ्यांच्या मुळाशी असलेले कारण निराळे. ज्यांच्यासाठी लोक निन्टेंडोचे यंत्र घेतात ते मोठे खेळ तेव्हा तयारच नव्हते. मारिओचा नवा खेळ नाही. इंटरनेटवरून खेळ विकत घेण्याचे दुकानसुद्धा जूनमध्ये उघडले. आणि येथे एक विलक्षण कोंडी होते. खेळ करणारे म्हणतात, आधी यंत्रे खपू द्या, मग खेळ करू. गिऱ्हाईक म्हणते, आधी खेळ येऊ द्या, मग यंत्र घेऊ. दोघेही शहाणे, दोघेही आपापल्या जागी बरोबर; आणि दोघांच्या शहाणपणात यंत्र मात्र मरते. 'आधी लगीन कोंढाण्याचं' म्हणून पुढे होणारा कुणी तरी लागतो. तो कोण?

निन्टेंडोने उत्तर दिले: आम्ही. ऑगस्ट २०११ मध्ये, म्हणजे सहा महिनेही पुरे झाले नव्हते, किंमत जपानात २५ हजारांवरून १५ हजार येनवर आली. अमेरिकेत २५० वरून १७० डॉलरवर. या किमतीत यंत्रामागे कंपनीला तोटा होता. पण आता आणखी एक गाठ पडली. ज्यांनी पहिल्या दिवशी विश्वासाने पूर्ण पैसे मोजले, त्यांचे काय? बाजाराचा रोकडा हिशेब सांगतो की ते फसले. आणि जो एकदा असा पोळतो तो पुढच्या खेपेला थांबून राहतो. म्हणजे आजची सवलत उद्याचे गिऱ्हाईक घालवते.

कंपनीचे अध्यक्ष सातोरू इवाता, एके काळी स्वतः खेळांचे प्रोग्रॅम लिहिणारे गृहस्थ, यांनी ही गोष्ट झाकली नाही. सुरुवातीच्या ग्राहकांना फसवल्यासारखे वाटेल, याची कबुली त्यांनी जाहीर पत्रात दिली. त्या ग्राहकांना वीस जुने खेळ विनामूल्य देण्यात आले. स्वतःचा ठरीव पगार त्यांनी निम्मा केला, इतर संचालकांचाही कापला. पगारकपातीने यंत्र खपत नाही, हे त्यांना ठाऊक होतेच. पण आश्वासन चुकले तर भुर्दंड कुणी सोसायचा, याचे उत्तर त्यातून मिळाले. मग नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मारिओचे दोन मोठे खेळ आले आणि गाडा हलला. त्या आर्थिक वर्षात कंपनीला तोटा सोसावा लागला. पण ते यंत्र अखेरीस साडेसात कोटींहून अधिक खपले. मौज अशी की, २०१३ साली त्याचीच एक स्वस्त आवृत्ती निघाली, जिच्यात खोल चित्राची करामत काढून टाकली होती. ज्या नवलाईचा डंका पिटला, ती नसली तरी लोकांचे अडले नाही!

आता दुसरी बाजू पाहा. डिसेंबर २०११ मध्ये सोनी कंपनीने 'व्हिटा' काढले. यंत्र म्हणाल तर देखणे: पाच इंची झळाळता पडदा, मागच्या अंगालाही स्पर्श ओळखणारी पाटी. परंतु खेळ साठवायला लागणारे कार्ड सोनीचेच हवे, बाजारातले साधे चालायचे नाही. अमेरिकेत ३२ जीबीच्या कार्डाला शंभर डॉलर! म्हणजे पाटीवरची किंमत एक आणि घरी पोचेपर्यंतची दुसरी. 'मॉन्स्टर हंटर' या ज्या खेळाने सोनीचे आधीचे यंत्र जपानात घरोघर नेले, त्याचा नवा भाग व्हिटाच्या आठवडाभर आधी निन्टेंडोच्या यंत्रावर आला. किंमत उतरली, ती २०१३ मध्ये. तोवर खेळ करणारे दुसरीकडे वळले होते. पुढे सोनीनेही त्याच्यासाठी मोठे खेळ करणे थांबवले. त्या यंत्राचे निष्ठावंत चाहते होते, आजही आहेत. पण २०१९ मध्ये त्याचे उत्पादन बंद झाले.

काही जण म्हणतात, फोन आल्यावर हे यंत्र संपणारच होते. मला ते पटत नाही. २०१७ साली आलेले 'स्विच' हे हातात धरता येणारे यंत्र फोनच्या भर राज्यात पंधरा कोटींच्या पुढे गेले. पहिल्या दिवशीच त्याच्यासाठी 'झेल्डा'चा मोठा नवा खेळ तयार होता, आणि तेच यंत्र घरच्या टीव्हीलाही जोडता येई. गिऱ्हाईक कंजूष नसते हो. त्याला आपल्या पैशाचे काय होणार ते आधी कळायला हवे असते.

पुढच्या तासाला मी हे सारे वर्गात सांगितले आणि वर उपदेशही केला: नवे यंत्र घ्यायचे तर आज हातात येणारे खेळ मोजा, कार्ड-बॅटरीसकट सगळा खर्च मांडा, उद्याच्या घोषणांवर जाऊ नका. तोच विद्यार्थी पुन्हा उठला. म्हणाला, "पण सर, सगळेच असे शहाणपणाने थांबले, तर पुढचा खेळ येणार कुठून?"

हा प्रश्न मात्र खराच अवघड. कुणीतरी आधी विश्वास टाकावा लागतो, तेव्हाच नवी गोष्ट उभी राहते. पहिले गिऱ्हाईक नुसती वस्तू घेत नाही, एका अर्थी ते उसने देते. हे उसने ज्याच्या ध्यानात राहते, तो पडला तरी उठतो. ज्याला ते विसरते, त्याचे उत्तम यंत्रही दुकानाच्या फळीवर धूळ खात राहते.