पाठ झालेले सिनेमे
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू कॉम्प्युटरमधली, तर एआयवर बोल." मी म्हटलं, एआयवर बोलणारे सध्या पैशाला पासरी मिळतात. सर आणि बाई समोर बसलेल्या असताना मी त्यांना ज्ञान देणं बरंही दिसणार नाही. त्यापेक्षा ज्यात आपण सगळेच तज्ज्ञ आहोत असा विषय घेते. लहानपणी घरच्यांबरोबर बघितलेले सिनेमे, आणि चाळिशी ओलांडल्यावरही आपण तेच पुन्हा पुन्हा का बघतो.

आपल्या बॅचच्या ग्रुपवर मागे कुणीतरी विचारलं होतं, "कंटाळा आला की काय बघता?" वेबसिरीजची नावं येतील असं वाटलं होतं. पण एकापाठोपाठ एक 'अशी ही बनवाबनवी', 'धूमधडाका', 'झपाटलेला', 'माझा छकुला' अशीच नावं आली. आपल्यातले काही डॉक्टर आहेत, काही जण शेती बघतात, कुणी गलाईच्या दुकानासाठी तमिळनाडूत आहे, कुणी पोलिसात. उत्तर मात्र सगळ्यांचं एकच. नुसतं "सत्तर रुपये" म्हटलं तरी आत्ता या मंडपात हसू फुटलं, बघा.

आपली १९९६ची दहावी. म्हणजे 'बनवाबनवी' आला १९८८ साली, तेव्हा आपण दुसरी-तिसरीत होतो. 'माहेरची साडी' १९९१चा आणि 'झपाटलेला' १९९३चा. पुण्या-मुंबईत सिनेमा लागला की आठवड्यात बघून होत असेल, आपल्याकडे तो सावकाश यायचा. आधी यात्रेतल्या तंबूत, मग गणपतीत चौकातल्या पडद्यावर, मग कुणाच्या तरी घरी भाड्याच्या व्हीसीआरवर आणि शेवटी दूरदर्शनवर. त्यामुळे एकच सिनेमा आपण चार वेगवेगळ्या ठिकाणी, चार वेगवेगळ्या घोळक्यांत बघितला. पाठ होणार नाही तर काय!

पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेतला तंबू तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. बैलबाजाराचा धुरळा, बाहेर ट्रकवर प्रोजेक्टर, भोंग्यावरून ओरडणारा माणूस. फिरते तंबू थिएटर हा महाराष्ट्राच्या यात्रांमधला खास प्रकार. त्यांच्यावर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला. २०१६ साली तो कान महोत्सवात दाखवला गेला आणि तिथे त्याचा विशेष उल्लेख झाला. आपण पोतं अंथरून ज्या तंबूत बसायचो, त्या प्रकारच्या तंबूची गोष्ट फ्रान्सपर्यंत गेली.

चौकातल्या पडद्याची मजा आणखी निराळी. पुढे मोठी माणसं, बायका कडेला, आणि उशिरा पोचलेली आपण पोरं पडद्याच्या मागे. मागून चित्र उलटं दिसतं. नावं वाचता यायची नाहीत आणि सगळी माणसं डावखुरी. लक्ष्या डाव्या हातानं जेवतो असं मला कितीतरी दिवस वाटत होतं. रीळ बदलताना दिवा लागायचा, तेवढ्यात कुणी शेंगा विकायचा, कुणी हरवलेलं पोरगं शोधायचा. आणि ऐन रंगात वीज गेली की सगळा चौक एका सुरात "आऽऽऽ" करायचा. तो आवाज वडूजच्या प्रत्येकाच्या कानात आजही आहे.

आता जरा त्या सिनेमाकडेच बघू. 'बनवाबनवी' सचिन पिळगांवकरांनी दिग्दर्शित केला, लेखन वसंत सबनीसांचं, निर्माते किरण शांताराम. मूळ कल्पना १९६६ सालच्या हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान' या हिंदी सिनेमाची. पुढे आपल्या मराठी सिनेमावरून तेलुगू आणि कन्नडमध्येही सिनेमे निघाले. म्हणजे गोष्ट बऱ्याच मुलखांत चालली. का चालली असेल?

माझ्या मते, कारण ती खोली शोधण्याची गोष्ट आहे. बाहेरगावाहून आलेली चार पोरं, पुण्यासारखं शहर, खिशात पैसे नाहीत, आणि मालकीणबाई जोडप्यांनाच जागा देणार. लहानपणी आपण साडी नेसलेल्या लक्ष्यावर हसलो. पण आपल्या खटाव-माणमधून दर पिढीत माणसं बाहेर पडली. कुणी मुंबईला माथाडी म्हणून, कुणी गलाईला परमुलखात, आमच्या पिढीत पुण्याच्या कंपन्यांत. पाऊस नाही म्हणून गाव सोडणाऱ्यांना खोली शोधणं नवं नव्हतं. चौकात बसून ज्यांना हसू आवरत नव्हतं, त्यांच्यातल्या निम्म्यांनी परक्या शहरात मालकापुढे हात जोडलेले होते.

सांगलीला वालचंदमध्ये इंजिनिअरिंग करून मी पुण्यात नोकरीला लागले, तेव्हा सिनेमातली अट माझ्यापुढेही आली. "एकट्या मुलीला खोली देत नाही." चार ठिकाणी हेच ऐकलं. पाचव्या जिन्यावरून उतरताना बरोबरची मैत्रीण म्हणाली, "आपल्यातल्या एकीनं धोतर नेसलं तर?" आणि आम्ही दोघी जिन्यातच हसत बसलो. खोली त्या दिवशी मिळाली नाहीच, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा शोधायला निघण्याइतपत बळ आलं. तेव्हा मला कळलं की आपल्या हालांवर हसायचं शिक्षण चौकातल्या त्या पडद्यानं आपल्याला आधीच देऊन ठेवलं होतं.

मी त्याच शहरात नोकरी करत असताना १६ डिसेंबर २००४ला लक्ष्मीकांत बेर्डे गेले. वय अवघं ५०. ऑफिसमध्ये मराठी मुलं एकमेकांना फोन करत होती, जसा घरातला मामा गेल्यावर करतात. त्याच वर्षी सिद्धार्थ रे गेले होते, पुढच्या वर्षी सुधीर जोशी गेले. अशोकमामांना महाराष्ट्र भूषण मिळालं, २०२५ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आपल्या ग्रुपवर पेढे वाटल्यासारखे मेसेज आले. ही माणसं आपल्याला कधी भेटली नाहीत, तरी आपण त्यांचं सुतक पाळतो आणि त्यांचे पेढेही वाटतो.

पण मैत्रिणींनो, आपल्याला एक गोष्ट बोलायलाच हवी. लहानपणचं सगळंच गोड होतं असं नाही. 'माहेरची साडी' आठवा. अलका कुबल यांची सोशिक सून बघायला बायका ट्रॅक्टर भरभरून यायच्या आणि पदर ओला करून जायच्या. शेजारी बसलेल्या आपण मुली काय शिकत होतो? सोसणारी ती चांगली, असंच. आज तो सिनेमा लागला की मला आईचा हात आठवून बरंही वाटतं आणि त्यातली शिकवण ऐकून चीडही येते. दोन्ही खरं आहे. एकासाठी दुसरं लपवायची गरज नाही.

माझी आई त्या सिनेमात सगळ्यांत जास्त रडली होती. १९९८ला माझी बारावी झाली, तेव्हा पाहुण्यांनी घरी बैठक मारली. पोरीला होस्टेलवर कशाला ठेवता, स्थळ चांगलं आलंय वगैरे. आई चहा घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "रडायचं ते शिनिमात. घरात रडणारी बाई मला न्हाई बघायची. पोरगी सांगलीला जाणार." आणि कप ठेवून आत गेली. तेव्हापासून सिनेमा माणसांना बिघडवतो किंवा घडवतो असं कुणी म्हटलं की मला आई आठवते. तिनं सिनेमातून अश्रू घेतले, शिकवण घेतली नाही. बघणारा काय उचलतो ते त्याचं त्यालाच ठरवता येतं.

आता माझ्या कामाबद्दल थोडं, म्हणजे संयोजकांचंही समाधान होईल. फोनवर किंवा टीव्हीवर "तुम्हाला हे आवडेल" अशी यादी येते ना, ती बनवणारे प्रोग्रॅम आमच्यासारखेच लोक लिहितात. तुम्ही काय पूर्ण बघितलं, काय अर्धवट सोडलं, काय परत लावलं, याची मोजदाद होते आणि त्यावरून पुढचं सुचवलं जातं. एखादा माणूस एकच सिनेमा वीस वेळा बघतो, हे त्या प्रोग्रॅमला नीट कळतं. का बघतो, हे मात्र त्या आकड्यांत कुठेच नसतं.

मला ते का, अण्णांकडून कळलं. वडील शेवटच्या आजारपणात पुण्याला दवाखान्यात होते. सहा आठवडे. रात्री झोप यायची नाही. मी फोन उशीला टेकवून द्यायची आणि ते 'धूमधडाका' किंवा 'बनवाबनवी' बघायचे. एकदा विचारलं, "अण्णा, दुसरं काही लावू का? नवीन चांगले आलेत." ते म्हणाले, "नको. नव्यात कोण कधी मरंल सांगता येत नाही. ह्यात सगळी जगत्यात, मला म्हाईत हाय."

मित्रांनो, मी वीसेक वर्षं या क्षेत्रात आहे. या विषयावर यापेक्षा नेमकं वाक्य मी ऐकलेलं नाही. दिवसा डॉक्टर काय सांगतील याची धास्ती. रिपोर्ट काय येईल याची धास्ती. अशा माणसाला दोन तास तरी पुढे काय होणार ते ठाऊक असलेली जागा हवी असते. आपल्या आज्या हरिपाठ रोज म्हणायच्या, तो कळावा म्हणून नव्हे. पाठ असलेल्या गोष्टीत मन टेकवता येतं.

हे फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. माझ्या टीममध्ये पोलंडची एक मुलगी आहे. ती सांगते, तिकडे दर नाताळाला टीव्हीवर 'होम अलोन' हा १९९०चा अमेरिकन सिनेमा लागतो आणि तो लागल्याशिवाय सण झाल्यासारखं वाटत नाही. अमेरिकेतल्या पोराची गोष्ट, बघणारे पोलंडचे, पण सिनेमा त्यांच्या घरचा झाला. कारण तो बघताना शेजारी आजी होती.

आणि मला वाटतं, मुद्दा हाच आहे. अण्णा गेल्यावर आई वडूजमध्येच राहते, पुण्याला यायला तयार नाही. रविवारी दुपारी मी फोन लावते, ती टीव्हीवर आणि मी पुण्यात एकच सिनेमा लावतो आणि फोन चालू ठेवतो. 'धूमधडाक्या'त अशोकमामांचा तो खोकला येतो, तिथे अण्णा मांडीवर थाप मारून हसायचे. ती जागा आली की आई काही बोलत नाही, मीही बोलत नाही. मग ती म्हणते, "हसलं बघ तुझं वडील." सिनेमा तिथे ३५-४० वर्षांपूर्वी गोठलेला आहे, पण आमच्यासाठी त्यात अजून एक माणूस हसतं.

म्हणून माझी एक विनंती आहे, खास करून ज्यांचे आईवडील अजून गावाकडे आहेत त्यांना. आपण त्यांना मोठा टीव्ही घेऊन दिला, रिचार्ज मारून दिला, आणि "बघत बसा" म्हणून निघून आलो. टीव्ही चांगलाच आहे, पण त्यांना हवा असतो शेजारचा माणूस. दिवाळीला घरी गेलात की एक संध्याकाळ फोन खिशात ठेवा आणि त्यांच्या आवडीचा एक सिनेमा पूर्ण, शेजारी बसून बघा. ते मध्येच सगळी गोष्ट आधी सांगतील. सांगू द्या. ते गोष्ट सांगत नसतात, ती पहिल्यांदा कुणाबरोबर बघितली ते सांगत असतात. विचारलंत तर सांगतीलही.

आणि आपल्या मुलांनाही शेजारी बसवा. त्यांना विनोद जुने वाटतील, काही खटकतील, त्यांनी ते बोलून दाखवावं. पण उद्या ती बंगळुरू किंवा बर्लिनमध्ये खोली शोधत फिरतील, तेव्हा त्यांच्याकडेही पाठ झालेला एखादा सिनेमा असायला हवा.

शेवटचं. संयोजकांनी आज रात्री जेवणानंतर शाळेच्या पटांगणात पडदा लावायचं ठरवलंय. कोणता सिनेमा ते मी सांगत नाही, तुम्ही ओळखलाच असेल. खुर्च्या फक्त सरांसाठी आणि बाईंसाठी आहेत, बाकीच्यांना सतरंज्या. उशिरा येणाऱ्यांनी पडद्याच्या मागे बसावं, तिथून लक्ष्या डावखुरा दिसतो. आणि वीज गेलीच, तर काय करायचं ते वडूजकरांना शिकवावं लागत नाही.